टेट्रिसची वही: दांडा येतोच

आकडा आधी सांगून टाकतो. टेट्रिसमध्ये चाळीस ओळी भरून पुसायला २ मिनिटं ११ सेकंद. जूनच्या पहिल्या आठवड्यात हेच ३:२४ होतं. दोन मिनिटांच्या आत यायचंय, अजून जमलेलं नाही.

अडीच महिन्यांत काय बदललं ते लिहून ठेवतोय. बोटं काही फारशी वेगवान झालेली नाहीत. खोड होती ती कालिकेच्या यात्रेतली.

माझ्या वयाच्या नाशिककरांना लगेच कळेल. नवरात्रात कालिका मंदिराबाहेर खेळण्यांची दुकानं लागायची, तिथं तो हातात धरायचा राखाडी ‘व्हिडिओ गेम’ मिळायचा. खोक्यावर ९९९९ गेम लिहिलेले, आत मोजून दहा-बारा, आणि त्यातला खेळण्यासारखा एकच, ठोकळ्यांचा. माझ्या त्या यंत्रात दांडा, म्हणजे चार चौकोनांचा सरळ तुकडा, मनाला येईल तेव्हा यायचा. कधी लागोपाठ दोन, कधी वीस-पंचवीस तुकडे पडून गेले तरी पत्ता नाही. त्यामुळे हाताला एक वळण पडलं. उजव्या भिंतीलगत दांड्यासाठी एका चौकोनाच्या रुंदीची उभी रिकामी विहीर सोडायची, ढीग कमरेला लागला की धीर सुटायचा, आणि हातात जो जे किंवा एल (त्या इंग्रजी अक्षरांच्या आकाराचा तुकडा) असेल तो विहिरीत कोंबायचा. खाली भोक पडायचं. मग ते भोक उघडायला पुढचे दहा तुकडे खर्च.

‘कमरेला’ हे माझं खासगी माप. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी? टेट्रिसचा पट १० रुंद, २० उंच. पाच ओळींवर गुडघा, नऊ-दहावर कंबर, चौदावर छाती. त्याच्या वर गेलं की घाटावरच्या टपऱ्या हलवायची वेळ.

जूनच्या मध्यावर भाची राहायला आली होती, आठवीतली. मी लॅपटॉपवर खेळत होतो, ती मागं उभी राहून शेंगदाणे खात होती. मी विहिरीत एल घातला तशी म्हणाली, “मामा, बुजवलीस कशाला? पिशवीतला दांडा यायचाय अजून.”

“कुठली पिशवी?”

हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आताच्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांत सातही तुकडे (आय म्हणजे दांडा, ओ म्हणजे चौकट, टी, एस, झेड, जे, एल) एका पिशवीत घालून ढवळल्यासारखे येतात. सातही एकेकदा पडले की नवी पिशवी. म्हणजे एका पिशवीत दांडा सगळ्यात आधी आला आणि पुढच्या पिशवीत सगळ्यात शेवटी, तरी मध्ये फार तर १२ तुकडे. तेरावा दांडाच. मी वहीत मांडून पाहिलं, मग दोन संध्याकाळी नुसता मोजत खेळलो. एकदाही चुकलं नाही.

नवख्यांना एवढंच सांगेन की पूर्ण मोजदाद करत बसू नका, डोकं शिणतं. फक्त ‘या पिशवीतला दांडा गेला का?’ एवढं लक्षात ठेवा. बाजूला पुढचे तुकडे दिसत असतात, आणि होल्डमध्ये एक बाजूला काढून ठेवता येतो. ढीग गुडघ्याच्या वर आणि विहीर तयार नसताना दांडा आला, तर तो होल्डमध्ये टाका. जुन्या निन्टेंडोवरच्या १९८९च्या आवृत्तीत मात्र ही पिशवी नाही, तिथं दांड्याचा दुष्काळ खराच पडतो. तिथं माझी जुनी भीती योग्य होती म्हणायची.

आता वेळेचा हिशोब. चाळीस ओळी म्हणजे ४०० चौकोन, तुकड्यात ४, म्हणजे कमीत कमी १०० तुकडे. दोन मिनिटांत बसवायचं तर तुकड्याला १.२ सेकंद. माझे जूनमध्ये ११८ तुकडे लागत होते, कारण शेवटी पटावर कचरा उरायचा. विहीर बुजवणं थांबवल्यावर ते १०६ वर आलं आणि वेळ २:५०.

तिथून पुढं बटणांचं काम निघालं, आणि ते कंटाळवाणं आहे. तीन चौकोन रुंद तुकडा चौथ्या ते सहाव्या स्तंभात उगवतो. मला आडवा टी सात ते नऊमध्ये हवाय. मी काय करायचो, उजवा बाण टक टक टक, तीनदा. त्याऐवजी उजवा बाण दाबून धरायचा, तुकडा सर्रकन भिंतीला जाऊन टेकतो, मग डावा बाण एकदा. दोन दाबांत काम. एक दाब वाचला तर काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण शंभर तुकड्यांत असे बरेच दाब वाचतात, आणि मुख्य म्हणजे भिंतीवरून मोजलं की नजर तुकड्यावर खिळत नाही, पुढच्या तुकड्याकडे जाते. दांड्याचं तर आणखी सोपं. उजवीकडे फिरवायचा, उजवा बाण दाबून धरायचा, सोडून द्यायचा. विहिरीत.

हे शिकताना आठ दिवस वेळ वाढून ३:०५ झाला. कुणी असं शिकत असेल तर त्या दिवसांत घड्याळ झाकून ठेवा. मी झाकलं नाही आणि उगाच चिडचिड केली. त्यातच उजवा बाण अडकायला लागला. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस म्हणून नऊ दिवस लॅपटॉप ठेवला, बटण अजून थोडं कुरकुरतंच.

ढीग अगदी सपाट ठेवायचा नादही सोडला. दिसायला छान, पण सपाट पाटावर एस किंवा झेड कसाही ठेवा, खाली पोकळी राहतेच. म्हणून एक पायरी डावीकडे उतरती, एक उजवीकडे, आणि कुठंतरी दोन चौकोनांची सपाट जागा चौकटीसाठी. एवढं असलं की बहुतेक तुकड्यांना घर मिळतं.

१९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी हा खेळ ज्या इलेक्ट्रॉनिका ६० यंत्रावर लिहिला, त्यावर चित्रं काढायची सोयच नव्हती. ठोकळे कंसांचे होते. आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलानं निन्टेंडोचा खेळ १५७व्या पातळीपर्यंत नेला, तिथं तो खेळच गोठला. भाचीनं हे मला दोनदा ऐकवलं. तिची स्वतःची चाळीस ओळींची वेळ विचारू नका.

कालचा डाव. ३६ ओळी झालेल्या, ढीग गुडघ्याच्या खाली, विहीर मोकळी. हातात जे, होल्डमध्ये झेड, पुढं ओ, एल, टी. दांडा दिसत नव्हता. जुना हात उजवीकडे वळलाच, बाण दाबलाही गेला, पण पिशवीतला दांडा यायचा होता. जे परत ओढून डाव्या टोकाला ठेवला. ओ. एल. टी ठेवेपर्यंत रांगेच्या तळाशी निळसर काठी दिसली. १०३व्या तुकड्याला चार ओळी एकदम गेल्या.

झेड मी अजून एकाच बाजूनं फिरवतो. डावीकडून फिरवला तर तो चौथ्या-पाचव्यात उभा राहतो, उजवीकडून पाचव्या-सहाव्यात, आणि तिथं एक दाब वाचतो. पुढचा आठवडा त्याला दिलाय.