माळापासून घाटमाथ्यापर्यंत: यंदाच्या हिवाळी फेरीची नोंद

यंदा हिवाळ्यात एकच गोष्ट धरून बसलो होतो: प्राणी लहान काढायचा आणि डोंगर लांबच्या लेन्सनं काढायचा. म्हणजे आपण सगळे करतो त्याच्या बरोबर उलट. काळवीट दिसलं की 600 एमएमवर जाऊन शिंगांच्या पिळांपर्यंत फ्रेम भरायची, आणि डोंगर दिसला की वाइड लेन्स लावून अर्धी फ्रेम आभाळाला देऊन टाकायची, ही सवय मोडायला एक सलग फेरी हवी होती. सोलापूर, नान्नज, बार्शी, येडशीचा रामलिंग घाट, तिथून उजनी, मग फलटण-वाईवरून महाबळेश्वर. एकटाच निघालो. भोवत्या या शिकारी पक्ष्याची वाट बघत दोन तास गाडीत गप्प बसायला तयार होणारा सोबती मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तरी तो पहिल्याच अर्ध्या तासात चहाचं नाव काढणार.

सामान थोडकंच. क्रॉप (लहान) सेन्सरची कॅमेरा बॉडी, 150-600 एमएमची लेन्स, एक 70-200 ची, ट्रायपॉड. खिडकीवर लेन्स टेकवायच्या पिशवीत, म्हणजे बीनबॅगेत, ज्वारी भरली आहे. थर्मोकोलच्या गोळ्यांवर जड लेन्स डुलते, ज्वारीवर ती बसते. खिडकीला आतून मातकट रंगाची जुनी सोलापुरी चादर, लेन्सपुरती फट ठेवून. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. हे दोन्ही चार दिवस टिकतं, म्हणून पहाटे हॉटेल उघडायची वाट बघावी लागत नाही.

नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापुरातून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. डिसेंबरअखेर आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास वर येतो, त्यामुळं उजाडायच्या आत माळावर पोचायला फार लवकर उठावं लागत नाही. वनखात्याची परवानगी घेऊन, आखून दिलेल्या रस्त्यावरच गाडी. गवतात चाक घालायचं नाही, हे नव्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितो. धाविक, चंडोल, टिटवी या पक्ष्यांचं सगळं आयुष्य त्याच जमिनीवर चालतं, आणि एकदा चाकोरी पडली की मागून येणारी प्रत्येक गाडी तिच्यातूनच जाते.

पहिला धडा उजेडाचा. कोवळं ऊन गवतावर आडवं येतं तेव्हा कुसळं पेटल्यासारखी दिसतात. ती वेळ जेमतेम पाऊण तास टिकते. त्यानंतरही ऊन छानच दिसतं डोळ्यांना, पण साडेनऊच्या पुढं जमीन तापायला लागते आणि लांबच्या लेन्समधून हवा थरथरताना दिसते. फोकस बरोबर, शटर 1/2000, तरी कडा मऊ. लेन्स खराब आहे म्हणून दुकानात नेणारे लोक मला माहीत आहेत. लेन्स ठीक असते हो, तीनशे मीटर तापलेल्या मुरमावरून तुम्ही फोटो काढत असता. उपाय एकच, अंतर कमी करणं, आणि माळावर ते आपल्या हातात नसतं. म्हणूनच मोकळ्या फ्रेमचा विचार इथं कामाला येतो: प्राणी फ्रेमच्या दहाव्या हिश्शाएवढा असला तर शिंगाच्या पिळाची धार कुणी तपासत नाही, तिथं कळप, धूळ, गवताचा उतार आणि मागची ज्वारी बोलते. अजून एक: पहाटे गाडीत हीटर लावून आलात आणि काच खाली केलीत, तर आतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते. शेवटचे दोन किलोमीटर काचा खाली करून या, कान गारठले तरी चालतील.

काळवीट एक्स्पोजरला अवघड. पाठ काळी, पोट पांढरं, मागं फिकट गवत. कॅमेऱ्यावर सोडलं तर पोट जळतं, म्हणजे नुसतं पांढरंफटक होतं. मी एक्स्पोजर -0.7 वर, म्हणजे थोडं काळपट, ठेवतो आणि सावल्या नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) उचलतो. जळालेला पांढरा परत येत नाही, दबलेला काळा बराचसा येतो. यंदा जमलेली एक फ्रेम सूर्याकडं तोंड करून काढलेली आहे. नर कळपाच्या कडेनं पळाला, धूळ उडाली, आणि त्या धुळीत माद्यांच्या कडा सोन्यासारख्या उजळल्या. 220 एमएम, 1/1600, f/6.3. पूर्वीचा मी असतो तर 600 वर नराचं डोकं पकडलं असतं आणि धूळ फ्रेमबाहेर गेली असती.

त्याच फ्रेममध्ये डावीकडं विजेचा खांब आणि तारा आहेत. एकानं बघून लगेच सांगितलं, ते काढून टाक. नाही काढणार. हे अभयारण्य 1979 साली माळढोकासाठी झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. गावंच्या गावं आत आली होती, पुढं ते बरंच कमी करावं लागलं. आता इथं माळढोक दिसणं म्हणजे नवलच. या पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. तारांवर आपटून मरणं हे त्याच्या ऱ्हासाचं एक मोठं कारण आहे. मग माळाच्या फोटोतून तारा पुसायच्या कशासाठी?

संध्याकाळ भोवत्यांसाठी ठेवली. थंडीत मध्य आशियाकडून येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर माळावर नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर, एकत्र मुक्काम करतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी जागा धरून बसायचं आणि हलायचं नाही. नर राखाडी, पंखांची टोकं काळी. माद्या तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. उतरायच्या आधी ते गवताच्या अगदी वरून घिरट्या घालतात, तेव्हा पॅनिंग, म्हणजे पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवत फोटो, करता येतं. 1/60 शटरवर दहातले नऊ फोटो वाया जातात. दहावा ठेवण्यासारखा निघाला.

लांडगे कुठं दिसले ते लिहिणार नाही. वाटेत एका धनगरानं मेंढरं थांबवून विचारलं, "पाव्हणं, कशाचं फोटू काढताय?" सांगितलं. म्हणाला, "लांडगं बघायचंय? काल रातीच हितनं गेलंय. कुत्री गप बसंनात बघा." मग मेंढी गेल्याचं दुःखही सांगितलं, पण रागानं नव्हे, घरात एखादा उधळ्या पुतण्या असावा तसं तो लांडग्याविषयी बोलत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं दाखवलेल्या बाजूला दोन लांडगे दिसले, खूप लांब, मागं मेंढरांची धूळ. कळप आणि लांडगा एकाच फ्रेममध्ये. दोन्ही मुंगीएवढे. मला या फेरीतला तोच फोटो सगळ्यात आवडतो, आणि फोनवर तो कुणालाच कळत नाही. छापून मोठा करावा लागेल.

बार्शीहून येडशी. इथं बालाघाटाच्या रांगा सुरू होतात. उंची फार नाही, पण सोलापूरच्या सपाटीवरून आलेल्या माणसाला घळ दिसली तरी बरं वाटतं. रामलिंगाचं देऊळ खाली दरीत आहे, ऊन उशिरा पोचतं. 2024 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ एवढी वाट तुडवत याच भागात आला आणि ट्रॅप कॅमेऱ्यात दिसला, तेव्हापासून इथं आलो की प्रत्येकजण तेच विचारतो. मी त्याच्यासाठी गेलो नव्हतो. माकडं भरपूर आहेत, पिशवी सांभाळा.

कुर्डुवाडी-टेंभुर्णी हा पट्टा दिवसाच पार केला. गाळपाचा हंगाम चालू असतो. रात्री दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर मागं दिवा नसताना चालतात आणि एकट्यानं गाडी चालवताना ते उशिरा दिसतात. उजनीवर फार काही लिहिण्यासारखं नाही. पाऊस चांगला झाल्यानं धरण तुडुंब आणि पाणी भरलेलं असलं की चिखलाचे काठ उघडे पडत नाहीत, मग रोहितही (फ्लेमिंगो) उथळ पाण्याच्या शोधात दुसरीकडं असतात. पट्टकादंब हंसांचा एक थवा आणि चक्रवाक बदकांच्या जोड्या, एवढ्यावर समाधान.

पसरणी घाट चढलो आणि लेन्स बदलली. महाबळेश्वरला विल्सन पॉइंटवर सूर्योदयाला गर्दी असते, बहुतेकांच्या हातात फोन आणि सगळ्यांचं लक्ष सूर्याच्या गोळ्याकडं. डिसेंबरात तो आग्नेयेला उगवतो. मी 70-200 लावून त्याच्या डावीकडं बघत होतो. थंडीत रात्री दऱ्यांमध्ये गार हवा साचते, धूर आणि धुकं तिच्यातच अडकतं, त्यामुळं एकामागची प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा फिकट दिसते. 180 एमएमवर आभाळ पूर्ण बाहेर ठेवलं की नुसत्या रांगांवर रांगा उरतात. वाइडमध्ये हेच डोंगर खालच्या काठावरची एक काळी रेघ होतात. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, व्हाइट बॅलन्स 5200 वर पक्का. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा पहाटेचा निळेपणा सुधारायला जातो. आणि घरी आल्यावर एडिटिंगमधल्या डीहेझच्या (धुरकटपणा घालवायच्या) पट्टीला हात लावायचा नाही. सकाळी ज्यासाठी उठलो ते धुरकटपणच ती पट्टी पुसून टाकते.

आर्थर सीटवर वारा इतका की ट्रायपॉडला पिशवी टांगली तरी थरथरत होता. सावित्रीच्या खोऱ्यात सकाळी सावलीच असते, फक्त कड्यांच्या माथ्यावर ऊन येतं, ती पट्टी खाली सरकत जाते. तिचे पाच फोटो ठेवलेत, त्यातला एकच कामाचा वाटतो. परतताना झाडीत शेकरू दिसलं. उजेड नव्हता, आयएसओ 6400 वर नेला, आणि इथंही मोकळीच फ्रेम: फांद्यांचं जाळं, त्यात कुठंतरी लांब शेपूट.

आता पुढचं. मोठ्या फ्रेमचे फोटो स्क्रीनवर मरतात हे यंदा पक्कं झालं, म्हणून लांडग्याचा आणि धुळीतल्या काळविटांचा मॅट कागदावर 20 बाय 30 इंचात प्रिंट काढायला दिला आहे. फेब्रुवारीअखेर उजनीचं पाणी उतरलं की भिगवणच्या बाजूला रोहितांसाठी जाईन, तेही 200 एमएमच्या आतच. सुगी आली की भोरड्या पक्ष्यांचे थवे ज्वारीवर उतरतील. हिप्परग्याच्या तळ्यावर संध्याकाळी 1/15 सेकंदावर ते कसे दिसतात हे कुणी करून बघितलं असेल तर शटर आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) कोणता वापरला ते जरूर कळवा.