दादर ते गिरगाव: आपल्याच शहरातली एक सकाळ, कॅमेऱ्यासह

गेली सतरा वर्षे मी दादरला गाडी बदलते आहे. मध्य रेल्वेवरून उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेची लोकल पकडायची, एवढाच माझा दादरशी संबंध होता. पुलावरून खाली दिसणारा झेंडूचा पिवळाधमक पट्टा रोज डोळ्यांसमोरून जात असे, पण त्या बाजूचा जिना मी कधी उतरले नव्हते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ठरवून उतरले आणि दादरचा फूलबाजार, महालक्ष्मीचा धोबीघाट व गिरगावातली खोताची वाडी अशी तीन ठिकाणे एका सकाळी पायी आणि लोकलने पाहिली. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा वृत्तांत.

फूलबाजारात पहाटे साडेपाचला पोहोचावे. स्थानकाच्या पश्चिमेला बाहेर पडले की विचारण्याची गरज पडत नाही, वासच वाट दाखवतो. फेब्रुवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो, त्यामुळे पहिला दीड तास विजेच्या दिव्यांच्याच उजेडात काम करावे लागते. मी ३५ मिलिमीटरची एकच लेन्स नेली होती आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ३२००वर ठेवला होता. फ्लॅश मुळीच वापरू नये. त्याने फुलांचा रंग मरतो, आणि डोक्यावर जड पाटी घेऊन गर्दीतून येणाऱ्या हमालाचे डोळे दिपले तर अपघात होईल. तिपाईला तर इथे जागाच नाही. ‘बाजू, बाजू’ अशी हाक आली की फोटो सोडून आधी बाजूला व्हावे.

जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा, वसईचा सोनचाफा, घाटावरची शेवंती आणि झेंडू हे सगळे इथे ओल्या गोणपाटांवर येऊन पडते. मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते मात्र भिंतीला टेकून वेण्या करणाऱ्या एका बाईंनी. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा, उजव्या हाताने एका वेळी चार कळ्या, देठाला देठ लावून फास, आणि फास बसण्याआधीच पुढच्या चार कळ्या हातात. नजर गिऱ्हाइकावर, बोटे आपली चाललेली. मी न विचारता कॅमेरा उचलला, तशी त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि म्हणाल्या, “अगं, अजून भवानी व्हायचीय. आधी विचारायचं तरी!” मला मनापासून वाईट वाटले. मी माफी मागितली, दोन वेण्या घेतल्या, थोडा वेळ शेजारी बसले आणि मग विचारले, “मावशी, नुसत्या हातांचा काढू का?” त्यांनी हातांचा काढू दिला, आणि थोड्या वेळाने आपण होऊन पदर सारखा करून समोर पाहिले. त्या दिवशीचा तोच माझा सर्वांत चांगला फोटो आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की पहिली विक्री होईपर्यंत कुणासमोरही कॅमेरा धरू नये आणि त्यानंतरही विचारल्याशिवाय धरू नये. दसऱ्याच्या किंवा गणपतीच्या आदल्या दिवशी बाजार सुंदर दिसतो हे खरे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तो दिवस निवडू नये. उभे राहायलाही जागा मिळत नाही.

साडेआठनंतर चर्चगेटकडची धीमी लोकल घ्यावी, कारण जलद गाड्या महालक्ष्मीला थांबत नाहीत. रविवारी जाणार असाल तर रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात त्या ब्लॉकची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. धोबीघाट स्थानकालगतच्या पुलावरून दिसतो. बहुतेक पाहुणे तिथूनच फोटो काढून परततात, आणि मीही अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबले नाही. दगडावर कपडा आपटताना उडणारे पाणी पकडायचे असेल तर शटरचा वेग किमान १/५०० सेकंद ठेवावा. एक गोष्ट मात्र बारकाईने पाहावी: वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे नसतात. दोन दोऱ्यांना एकमेकींत पीळ दिलेला असतो आणि त्या पिळात कपड्याचे टोक अडकवलेले असते.

तिथून चर्नी रोडला उतरून जगन्नाथ शंकरशेट मार्गाने खोताच्या वाडीत गेले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, त्या रेल्वेसाठी खटपट करणाऱ्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांच्या नावाचा हा रस्ता आहे. मला गाडीतून उतरून त्यावर चालताना ते आठवल्याशिवाय राहिले नाही. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वाडी वसवली आणि पुढे ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या, मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या कुटुंबांनी इथे घरे बांधली. कौलारू छप्पर, लाकडी सज्जा, बाहेरूनच माडीवर जाणारा जिना अशी ही घरे आता थोडीच उरली आहेत आणि त्यांच्या डोक्यावरून उंच इमारती डोकावतात. त्या इमारती चौकटीतून वगळण्याचा मोह मला झाला, पण मी त्या मुद्दाम घेतल्या. आज ही वाडी अशीच आहे. गल्ली अरुंद आहे आणि घरे राहती आहेत. खिडकीतून आत कॅमेरा रोखू नये, जिन्यावर चढून बसू नये, मोठ्याने बोलू नये. दहा वाजता ऊन थेट गल्लीत उतरते आणि सावल्या फार काळ्या येतात, तेव्हा तिथे साडेनऊपर्यंत पोहोचणे बरे. जवळच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली तिथे झाला. चाळीच्या चौकात वाळणारे पापड आणि गॅलरीतून चाललेल्या गप्पा पाहण्यासाठी तिथे अवश्य जावे.

आणखी दोन गोष्टी सांगते. वातानुकूलित खोलीत रात्रभर ठेवलेला कॅमेरा मुंबईच्या दमट हवेत बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून तो आदल्या रात्री पिशवीत बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवावा. लोकलमध्ये पिशवी पुढे, छातीशी घ्यावी. फलाटावर मोठा कॅमेरा काढायचा असेल तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावे.

दोन आठवड्यांनी मी वेणीवाल्या मावशींना फोटोची प्रत नेऊन दिली. त्यांनी हात पदराला पुसून ती घेतली, शेजारणीला दाखवली आणि सुट्टे पैसे ठेवायच्या डब्यात नीट उभी करून ठेवली. मग म्हणाल्या, “अजून एक आण. गावाला पाठवीन.” ती दुसरी प्रत छापून तयार आहे, या शनिवारी पुन्हा पुलाचा तो जिना उतरायचा आहे.