तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही काठावर का राहिलो

“सोलापूरकडे जमीन मिळत होती, मग तुमचे आजोबा शिवसागराच्या काठावरच का राहिले?” हा प्रश्न मला प्रत्येक लग्नकार्यात विचारला जातो आणि विचारणाऱ्याने ‘हट्ट’ हे उत्तर आधीच ठरवलेले असते. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कोयना धरणाच्या जलाशयाचे, म्हणजे शिवसागराचे, पाणी चढले, खाचरे बुडाली आणि आम्ही वर सरकलो; झाडोरा तोडून, दगड वेचून आजोबांनी उतारावर नाचणी-वरीपुरती जागा केली. धरणग्रस्तांना मिळणारी सोलापूरकडची जमीन ते स्वतः पाहून आले होते. तिथे विहिरीला पाणी नव्हते आणि भावकी वेगवेगळ्या गावांत विखुरणार होती. हा हट्ट नव्हता, हिशोब होता.

तो हिशोब ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोडला, हेही मला सांगितले पाहिजे. पावसाला टिकावे म्हणून आजोबांनी नव्या घराच्या भिंती दगडमातीच्या, जाड घातल्या होत्या. भूकंप झाला तेव्हा मी आजीजवळ पडवीत होतो, म्हणून वाचलो. माजघरातली भिंत आई आणि धाकट्या बहिणीच्या अंगावर आली. आईला पुरुषांनी अंधारातच ओढून काढले. बहीण हाती लागली तेव्हा उजाडले होते. धक्के थांबत नव्हते, त्यामुळे थंडीभर सारा गाव खळ्यावर उघड्यावर झोपला. चुलते म्हणाले, “आबा, आता तरी चला.” आजोबांनी उत्तर दिले नाही, पडलेल्या भिंतीचे दगड वाहून त्यांनी शेताला ताल, म्हणजे दगडी बांध, घातली आणि घर पुन्हा उभे केले ते कुडाचे. त्या घरातही आईने कधी भिंतीकडे अंथरूण घातले नाही.

पुढे मुंबईत माथाडी म्हणून पोती वाहताना मी सर्वांना सांगत असे, की आमच्या पाण्यावर पोफळीला वीज होते, आमच्या घरात कंदील जळतो, आणि अशा जागेसाठी आजोबांनी नात गमावली. माझ्यातल्या त्या तरुणाला मी आज बजावतो, की जे गेले त्यांनाही कसदार जमिनीसाठी वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालावे लागले. तो म्हणतो, “पण त्यांची लेकरे त्या भिंतीखाली नव्हती.” यावर माझ्यापाशी उत्तर नाही, तरीही आजोबा चुकले असे मी म्हणणार नाही.

१९८५ मध्ये अभयारण्य झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प, आणि आता पुन्हा गाव हलवण्याची बोलणी चालू आहेत. मुलगा म्हणतो, सही करा. सून म्हणते, रात्री कोणी आजारी पडले तर लाँच कुठून आणायची? दोघांचेही म्हणणे मला पटते; सही मी अजून केलेली नाही.