तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आहे’ आणि ‘काय आहे’

मी इस्लामी तत्त्वज्ञान वाचते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. वस्तूचं अस्तित्व खरं की स्वरूप खरं यावर ही मंडळी सहाशे वर्षं भांडली, हा नुसता शब्दांचा कीस नाही का? मला तसं अजिबात वाटत नाही, आणि का ते एकदा नीट लिहूनच टाकते.

माझी भाची चार वर्षांची असताना तिला युनिकॉर्नबद्दल सगळं माहिती होतं, शिंग किती, रंग कुठला, राहतो कुठे, चित्रं काढून वही भरली होती, आणि एक दिवस वरणभात खाताना घास तोंडात तसाच ठेवून म्हणाली, “मावशी, पण तो आहे का?” बुखाऱ्याजवळ ९८० च्या सुमारास जन्मलेल्या इब्न सिना या तत्त्वज्ञाचा मुद्दा हाच. त्रिकोण म्हणजे काय ते पुरतं कळलं तरी तो जगात कुठे आहे का ही शंका उरतेच, म्हणजे ‘काय आहे’च्या उत्तरात ‘आहे’ बसलेलं नसतं, ते वेगळं यावं लागतं. पहिल्याला अरबीत माहिय्या म्हणतात, ‘मा हिय’ म्हणजे ‘ती काय आहे’ यावरून, आणि दुसऱ्याला वुजूद, ज्याच्या मुळाशी सापडणं आहे. आपला ‘मौजूद’ त्याच धातूतला. मग ते येतं कुठून हे मागे मागे शोधत गेलं तर शेवटी ज्याला अस्तित्व दुसऱ्याकडून घ्यावं लागत नाही असं काहीतरी हवंच, ते वाजिब-उल-वुजूद, म्हणजे देव. भाव ‘वाजवी’ लावा म्हणतो ना आपण, तो याच ‘वाजिब’मधून आलाय, आणि हे कळलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

इथवर ठीक. पण नंतरचा तत्त्वज्ञ सुहरावर्दी म्हणाला, थांबा, अस्तित्व ही जर वस्तूत खरोखर असलेली एक चीज असेल तर ती चीजही ‘आहे’, म्हणजे तिलाही अस्तित्व हवं, मग त्यालाही हवं, याला शेवट कुठे? म्हणून अस्तित्व ही फक्त मनाने केलेली मांडणी. हा माणूस ११९१ साली अलेप्पोत मारला गेला, चाळिशीही गाठली नव्हती. त्याचा हा प्रश्न मात्र पुढच्या सगळ्यांना पुरून उरला.

आणि मग इराणमधल्या शिराझचा तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा, ज्याच्यासाठी मी हे सगळं वाचायला लागले. इस्फहानला मीर दामादच्या हाताखाली शिकला, पुढे कोमजवळच्या कहक गावात बरीच वर्षं एकांतात काढली. तो स्वतःच लिहितो की मी आधी माहिय्याच खरी म्हणून जोरात भांडायचो, मग देवाने डोळे उघडले आणि सगळं उलटं दिसलं. इतक्या मोठ्या माणसाने हे लिहून ठेवावं याचं मला फार अप्रूप आहे. त्याचा एक युक्तिवाद मला चहा करताना कळला. पातेलं उतरवताना बोट बर्नरला लागलं आणि चर्रकन भाजलं. आदल्या रात्री त्याच विस्तवाचा विचार करत मी तासभर पडले होते तेव्हा काहीच भाजलं नव्हतं. मनातला विस्तव आणि शेगडीवरचा विस्तव, ‘काय आहे’ विचारलं तर उत्तर एकच, फरक पडतो तो असण्याच्या तऱ्हेत, म्हणजे भाजतं ते अस्तित्वच. आणि सुहरावर्दीला उत्तर काय, तर उजेड बघायला दुसरा उजेड लागत नाही, तसं अस्तित्व स्वतःच असतं, बाकीचं त्याच्यामुळे असतं. उजेड कमीजास्त असतो तसं अस्तित्वही, मुंगीत कमी, माणसात जास्त. गंमत बघा, उजेडाची ही कल्पना मुळात सुहरावर्दीचीच, सद्राने तिच्यावरच त्याला उत्तर दिलं!

हे आपल्यापासून फार लांबचं नाही बरं का. सद्राच्या ‘अस्फार’ या मुख्य ग्रंथाचा उर्दू अनुवाद निजामाच्या काळात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून निघालाय, आणि तेव्हा आमचा मराठवाडा त्याच हैदराबाद राज्यात होता.

मी सद्राच्या बाजूची. पण एक गोष्ट अडते. सद्रा म्हणतो तशी माहिय्या जर अस्तित्वाची नुसती कड असेल, मनाने आखलेली, तर पेरूच्या बीतून दरवेळी पेरूच का येतो, चिकू का नाही? त्याचं उत्तर काढायला रोज रात्री दोन-तीन ओळी वाचते, अरबी हळूहळूच सरकतं, अजून मिळालेलं नाही.