फॉर्म छापू नका: अ‍ॅक्सेसमध्ये सोसायटीचं देखभाल बिल

सोसायटीच्या बिलांसाठी अ‍ॅक्सेस (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) वापरायला घेतलं की पहिले चार दिवस फॉर्म सजवण्यात जातात. सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, खाली सचिवाच्या सहीची जागा, सगळं फॉर्मवरच. मग कंट्रोल-पी दाबलं जातं आणि प्रिंटर थांबायचं नाव घेत नाही. फॉर्ममागे जेवढी रेकॉर्ड (नोंदी) आहेत तेवढी सगळी तो ओळीने छापत सुटतो, बटणं आणि राखाडी पार्श्वभूमीसकट. फॉर्म भरण्यासाठी असतो आणि रिपोर्ट छापण्यासाठी. फॉर्मची मांडणी स्क्रीन आणि बोटांच्या सोयीने करायची, रिपोर्टची कागदाच्या मापाने.

टेबलं चार पुरतात: सदनिका, बिल, बिलातल्या ओळी आणि पावत्या. सदनिकेचा क्रमांक ‘ए-१०’ असा एकाच टेक्स्ट फील्डमध्ये (रकान्यात) ठेवू नका. टेक्स्टचं सॉर्टिंग अक्षराअक्षराने होतं, त्यामुळे ए-१० हा ए-२च्या आधी येतो. विंग वेगळी आणि क्रमांक वेगळा, तोही नंबर प्रकारचा. छापताना दोन्ही जोडता येतात.

बिलाच्या फॉर्मचे दोन भाग होतात. वर मुख्य फॉर्म: बिल क्रमांक, तारीख, सदनिका. खाली सबफॉर्म: सेवाशुल्क, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पाणीपट्टी अशी एकेका खात्याची ओळ. दोघांना जोडणारं फील्ड ‘लिंक मास्टर फील्ड्स’ आणि ‘लिंक चाइल्ड फील्ड्स’ या दोन प्रॉपर्टींमध्ये असतं. त्या रिकाम्या राहिल्या तर प्रत्येक बिलाखाली सगळ्या सोसायटीच्या ओळी दिसतात.

सदनिका निवडायला काँबो बॉक्स घ्या. रो सोर्समध्ये (यादी जिथून येते तिथे) आधी आयडी, मग सदनिका क्रमांक. बाउंड कॉलम १, कॉलम काउंट २, कॉलम विड्थ्स ०;५. पहिली रुंदी शून्य, म्हणून आयडी साठवला जातो पण दिसतो सदनिका क्रमांक. आयडी असा लपवला की ‘लिमिट टू लिस्ट’ ‘येस’च राहतं, त्यामुळे यादीबाहेरचं काहीबाही टाइप करता येत नाही.

बिलाची बेरीज बऱ्याच जणांना सतावते. सबफॉर्मच्या फुटरमध्ये (तळाच्या पट्टीत) एक टेक्स्ट बॉक्स टाका आणि त्यात रक्कम या फील्डची ‘सम’ करा. सबफॉर्म डेटाशीट रूपात असेल तर फुटर दिसणार नाही, पण बेरीज आत होतच असते. ती वर दाखवायला मुख्य फॉर्मवर दुसरा टेक्स्ट बॉक्स ठेवून त्यातून आतल्या बॉक्सकडे बोट दाखवायचं. इथे ‘#नेम?’ उमटतं, कारण आपण सबफॉर्म म्हणून सेव्ह केलेल्या फॉर्मचं नाव लिहितो. अ‍ॅक्सेसला हवं असतं मुख्य फॉर्मवरच्या त्या चौकटीचं नाव, आणि ते वेगळं असू शकतं. डिझाइन व्ह्यूमध्ये चौकटीच्या कडेवर एकदाच क्लिक करा, एफ४ दाबा आणि ‘अदर’ टॅबमध्ये नाव बघा. बेरजेच्या बॉक्सला फील्डचंच नाव, म्हणजे ‘रक्कम’, दिलंत तर तो स्वतःलाच मोजायला जाऊन एरर देतो.

भाड्याने दिलेल्या सदनिकेचं बिनभोगवटा शुल्क २००१च्या शासन निर्णयानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. हे टेबलाच्या व्हॅलिडेशन रूलमध्ये बसवता येत नाही. तो रूल फक्त त्याच रेकॉर्डमधली फील्डं बघतो आणि सेवाशुल्क तर दुसऱ्या ओळीत आहे. तपासणी सबफॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’ इव्हेंटमध्ये, म्हणजे ओळ सेव्ह होण्याआधीच्या टप्प्यात, घाला आणि सेवाशुल्काची ओळ आधी भरायची सवय ठेवा.

फॉर्म उघडतो पण काहीच टाइप होत नसेल तर रेकॉर्ड सोर्स, म्हणजे फॉर्म माहिती जिथून घेतो ती जागा, बघा. बेरजा करणारी टोटल्स क्वेरी (क्वेरी म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती काढणारी मागणी) तिथे लावलेली असेल तर ती बदलता येणारच नाही. फॉर्मला टेबल किंवा साधी क्वेरी द्या, बेरजांचं काम रिपोर्टकडे.

आता रिपोर्ट. आधी कागद मोजा. ए४ची रुंदी २१ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीडचा समास सोडला तर १८ उरतात. रिपोर्टची ‘विड्थ’ प्रॉपर्टी १८च्या वर गेली की प्रत्येक पानामागे एक कोरं पान निघतं. बहुतेक वेळा कारण असतं उजवीकडे सरकलेली एखादी रेघ किंवा लेबल. तिला आत ओढल्यावरही रुंदी आपोआप कमी होत नाही, रिपोर्टची कड माउसने मागे ढकलावी लागते. डिझाइन व्ह्यूमध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसला तर अ‍ॅक्सेस बहुधा हेच सांगत असतं.

क्वेरीत केलेलं सॉर्टिंग रिपोर्ट जुमानत नाही. क्रम ‘ग्रुप, सॉर्ट अँड टोटल’मध्येच द्यायचा. ग्रुप बिल क्रमांकावर. पत्ता, तारीख ग्रुप हेडरमध्ये, ओळी डिटेलमध्ये, बेरीज ग्रुप फुटरमध्ये. फुटरच्या ‘फोर्स न्यू पेज’ला ‘आफ्टर सेक्शन’ दिलं की एका सदनिकेचं बिल एका कागदावर येतं. बेरीज पेज फुटरमध्ये टाकलीत तर एरर येतो, कारण ‘सम’ तिथे चालत नाही. ओळींना अनुक्रमांक हवे असतील तर टेक्स्ट बॉक्समध्ये बरोबरचं चिन्ह आणि १ लिहा, ‘रनिंग सम’ला ‘ओव्हर ग्रुप’ निवडा. अक्षरी रक्कम मात्र तयार मिळत नाही, त्यासाठी मॉड्यूलमध्ये स्वतःचं फंक्शन लिहावं लागतं.

थकबाकीचा रिपोर्ट सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो चुकीचा असला तरी दिसायला व्यवस्थित दिसतो. बिल आणि पावत्या ही दोन्ही टेबलं सदनिकेवर जोडून सरळ बेरजा मारल्या असं समजा. एका सदनिकेची ३,५०० रुपयांची चार बिलं, म्हणजे १४,०००. तिच्या दोन पावत्या, ७,००० आणि ३,५००, म्हणजे १०,५००. बाकी ३,५००. पण जोडणीत प्रत्येक बिलाला प्रत्येक पावती लागते आणि आठ ओळी तयार होतात. बिलं दुप्पट मोजली जाऊन २८,००० होतात, पावत्या चौपट होऊन ४२,०००. रिपोर्ट सांगतो की सोसायटीच सभासदाचं १४,००० देणं लागते! त्यासाठी दोन वेगळ्या टोटल्स क्वेरी करा, एक बिलांची आणि एक पावत्यांची. दोन्हीत सदनिकेमागे एकच ओळ आली की मग सदनिका टेबलाला जोडा.

जोडतानाही जपून. साध्या जोडणीत ज्याने एकही पैसा भरला नाही तो यादीतून गळतो, कारण पावत्यांमध्ये त्याची ओळच नाही. थकबाकीच्या यादीत नेमका मोठा थकबाकीदार नाही! जोडरेषेवर डबल-क्लिक करून सदनिका टेबलातली सगळी रेकॉर्ड घेणारा पर्याय निवडा, दोन्ही रेषांवर. आता तो दिसेल, पण थकबाकीचा रकाना कोरा असेल, कारण १४,००० वजा ‘नल’ (काहीच नसलेली जागा) म्हणजे ‘नल’च. भरलेल्या रकमेभोवती ‘एनझेड’ फंक्शन घालून रिकाम्या जागी शून्य धरायला सांगा.

बिलाच्या फॉर्मवर छपाईचं बटण देताना त्याच्या मॅक्रोत (बटण दाबल्यावर ओळीने चालणाऱ्या कामांच्या यादीत) आधी रेकॉर्ड सेव्ह करा, मग रिपोर्ट उघडा. फॉर्मवर टाइप केलेलं रेकॉर्ड सेव्ह होईपर्यंत टेबलात पोचत नाही, म्हणून नवं बिल कोरं येतं किंवा जुनी रक्कम छापली जाते. रिपोर्ट उघडताना ‘व्हेअर कंडिशन’मध्ये (कोणती रेकॉर्ड घ्यायची त्या अटीत) बिल क्रमांक दिला नाही तर पुन्हा सगळी सोसायटी छापली जाईल.

याच कंडिशनमध्ये तारीख घालणार असाल तर व्हीबीए या आतल्या प्रोग्रॅमिंग भाषेमधली एक खोड लक्षात ठेवा. दोन हॅश चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस अशी वाचली जाते, विंडोजची सेटिंग काहीही असो. तिमाही बिलाची ०१/०४/२०२५ ही तारीख ४ जानेवारी होते आणि जानेवारी ते मार्चच्या पावत्याही एप्रिलच्या यादीत येऊन बसतात. १३/०४/२०२५ दिली तर मात्र बरोबर चालतं, कारण तेरावा महिना नसतो आणि अ‍ॅक्सेस मुकाट्याने दिवस-महिना उलटवून घेतं. म्हणून चाचणी महिन्याच्या १५ तारखेने केली तर चूक सापडतच नाही. ‘फॉरमॅट’ फंक्शनने तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी करून हॅशमध्ये द्या आणि चाचणीला १ एप्रिलच घ्या.