कणकुंबी ते खानापूर

आज जांबोटीमार्गे बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला जाऊन आलो. आषाढ सरत आला तरी पावसाचा जोर काही कमी नाही. मलप्रभेचा उगम इथलाच. एवढ्या पावसातही इथं ती ओढ्याएवढीच दिसते. हीच पुढं सौंदत्तीजवळ नविलतीर्थ धरण भरते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते, हे ठाऊक असूनही दरवेळी नवल वाटतं.

कणकुंबीत एका अंगाचं पाणी मलप्रभेतनं पूर्वेला जातं. जवळच्याच कळसा नाल्याचं म्हादई नदीला मिळून गोव्याच्या समुद्राला. हे पाणी मलप्रभेत वळवण्यावरनं कर्नाटक-गोव्यात केवढी भांडणं झाली! म्हादई पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ साली कळसा-भांडुरा या दोन नाल्यांचं ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेत वळवायला मान्यता दिली, तरी वाद मिटलेला नाही. आमच्याकडं चहाच्या टपरीवरसुद्धा टीएमसीचा हिशेब चालतो. पण जी नदी दारातनं वाहते, तिच्याबद्दल कोण बोलतं?

येताना मलप्रभेकाठच्या हब्बनहट्टीला उतरलो. स्वयंभू मारुतीचं देऊळ पाण्यात गेलेलं. गढूळ लाल पाणी, त्यात अख्खं झाड मुळासकट गरगरत चाललेलं. काठावर माणसं हात जोडून उभी होती. मीही जोडले. मारुती बुडाला म्हणजे नदी भरली, ही आमच्या भागातली खूण.

आणि हीच नदी उन्हाळ्यात खानापुरात बघवत नाही. नुसते डोह उरतात, त्यात गावाचं सांडपाणी. असोग्याला रामलिंगाच्या दर्शनाला येणारी माणसं तेच पाणी डोक्याला लावतात. फार वाईट वाटतं.

खरं तर बंधारे आहेत. पाऊस उघडला की फळ्या घालायच्या, पाणी अडवायचं, एवढंच काम. पण फळ्या कधी उशिरा पडतात, कधी कुजक्या, आणि मधल्या फटीतनं पाणी निघून जातं. गेल्या साली आमच्या शिवारातला मिरचीचा प्लॉट त्यापायीच वाळला. वळवून आणायच्या पाण्याआधी आहे ते अडवा, असं माझं ठाम मत झालंय. भाताच्या लावणीतनं मोकळं झालो की गावातल्या चारचौघांना घेऊन बसायचं, आणि दसऱ्याच्या आत फळ्या तपासून घ्या असा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्यायचा. बाबांना आजच सांगितलं. ते म्हणाले, पहिली सही माझी घे.