धड या तीरी, शिर त्या तीरी

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली एस.टी. गोदावरीच्या पुलावर चढली, की गप्पा थांबतात, खिडक्या सरकतात आणि एक-दोन रुपयांची नाणी बाहेर भिरकावली जातात. लहानपणी आजीबरोबर जाताना नाणे टाकण्याचा मान माझा असे. ते पाण्यात पडले की कठड्यावर आपटले, हे मात्र कधीच कळले नाही. नगरच्या बाजूला, प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तिथे टोके आणि पैलतीरावर कायगाव. बोलताना मात्र ही दोन गावे कोणी वेगळी करीत नाही. ‘कायगाव टोका’ असे एका दमातच म्हटले जाते.

या जोडनावाची कथा आजीने मला पुलावरच सांगितली. सोन्याच्या हरणाचे रूप घेतलेल्या मारीचाला रामाने बाण मारला, तेव्हा त्याची काया या तीरावर पडली म्हणून ते कायगाव आणि शिर त्या तीरावर उडाले म्हणून ते टोके. एकदा शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मध्येच दुरुस्ती केली, की शिर नव्हे, बाणाचे टोक पडले होते. आजीला ते पटले नाही, कारण नुसत्या टोकासाठी गाव कोण वसवील?

रामायणाचा हिशेब मांडला तर कथेची पंचाईत होते. पंचवटी येथून सरळ रेषेतसुद्धा सव्वाशे किलोमीटरांहून दूर आहे. हरणाने रामाला लांब नेले हे खरे. पण मरताना त्याने रामाच्या आवाजात फोडलेली हाक सीतेला आश्रमात ऐकू आली, त्या अर्थी ते एवढे लांब नसावे. शिवाय खेड्यातल्या माणसाने ‘धड’ किंवा ‘अंग’ म्हणायचे सोडून नेमका ‘काया’ हा कीर्तनातला शब्द निवडावा, यात मला एखाद्या पुराणिकाचा हात दिसतो. टोक्याचे कोडे तर त्याहून सोपे वाटते. दोन नद्या मिळतात तिथे त्यांच्यामध्ये जमिनीचे निमुळते टोक तयार होतेच. ते पाहून कोणी गावाला नाव दिले असेल आणि हरीण मागाहून आले असेल.

तरीही या मुलखाला तुटलेल्या देहांची आवड आहे, हे मान्य करावे लागते. ज्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथेच मोहिनीने देवांना अमृत वाढले, असे लोक मानतात. त्या पंगतीत लबाडीने बसलेल्या राहूचे मस्तक उडवल्याच्या कथेशी राहुरीचे नाव जोडले जाते. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात, तेही याच कथेशी जोडले जाते. एकाच मुलखात दोन राक्षस असे वाटले गेले आहेत.

कायगाव-टोक्याच्या कथेत मला आवडते ते हे, की ती एका गावात पुरी होत नाही. एकेकाळी नदीच्या एका काठावर निजामाचा अंमल होता आणि दुसऱ्यावर इंग्रजांचा. आजही जिल्हे दोन आहेत. सरकारांनी नदीला सीमा केले, तरी धडाचा पत्ता विचारणाऱ्याला शिरासाठी पलीकडे बोट दाखवावेच लागले.

नदी मात्र पूर्वीची राहिली नाही. 1976 साली पैठणला जायकवाडीचे धरण पुरे झाल्यापासून, चांगला पाऊस झालेल्या वर्षी, नाथसागराचा फुगवटा इथवर येतो आणि पुलाखाली वाहती नदी नसून संथ तळे पसरले आहे असे वाटते. टोक्याच्या सिद्धेश्वराचे पेशवेकालीन मंदिर, त्याच्या भिंतींवरची शिल्पे आणि पाण्यात उतरणारा घाट हे पाहायला येणारे थोडेच. बरेचसे लोक डोक्यावर टोपी, हातात लाल फडक्यात बांधलेल्या अस्थी आणि सोबत गुरुजी असे येतात, कारण दशक्रियेसाठी हा संगम मोठा मानला जातो.

आजीच्या अस्थी घेऊन आम्हीही इथेच आलो होतो. विधी आटोपल्यावर गाडी पुलावर चढली, तेव्हा माझा हात सवयीने खिशाकडे गेला. सुटे नव्हते; चुलत्यांनी मागून न बोलता एक नाणे पुढे केले.